अनधिकृत लायब्ररीने व्हॉट्सअ‍ॅप जोडलंय आणि ते चालतंय, मग अडचण काय?

नंतर वाचणाऱ्यांनाही कळावं म्हणून प्रश्न थोडक्यात परत मांडतो. निफाडकडच्या द्राक्ष बागायतदारांच्या एका गटासाठी तुम्ही छोटा प्रोग्रॅम लिहिलाय. व्यापाऱ्यांचे आणि शेतकऱ्यांचे मेसेज व्हॉट्सअ‍ॅप, टेलिग्राम असे सगळीकडून येतात, ते एकाच स्क्रीनवर दिसावेत म्हणून. व्हॉट्सअ‍ॅपसाठी एक ओपन सोर्स लायब्ररी, म्हणजे दुसऱ्यांनी लिहून खुला ठेवलेला तयार कोड, घेतलीत, क्यूआर स्कॅन केला आणि काही आठवडे सगळं व्यवस्थित चाललंय. आता तुमचे सिनियर म्हणतात हे काढून टाक. तुमचं म्हणणं असं की चालतंय तर का काढायचं, कंपनीला कळणार तरी कसं, आणि हे बेकायदेशीर आहे का.

आधी उत्तर देतो, मग कारणं. ते चालतंय कारण ती लायब्ररी लिहिणाऱ्यांनी खरंच चोख काम केलंय. पण ते उद्या सकाळी चालेल का हे त्यांच्याही हातात नाही आणि तुमच्याही नाही. मी बरीच वर्षं याच कामात आहे, आधी चॅट क्लायंटचे (म्हणजे आपल्या मशीनवरच्या चॅट सॉफ्टवेअरचे) प्लगइन आणि आता ब्रिज, म्हणजे एका सेवेचे मेसेज दुसरीकडे नेणारे प्रोग्रॅम, आणि माझं ठाम मत झालंय की बंद प्रोटोकॉल, म्हणजे क्लायंट आणि सर्व्हर यांची कंपनीने बाहेर न सांगितलेली भाषा, उलगडणं हा या कामातला सोपा अर्धा भाग आहे. अवघड अर्धा भाग म्हणजे तो उलगडलेला प्रोटोकॉल दर आठवड्याला जिवंत ठेवणं, कारण सर्व्हर दुसऱ्याचा, नियम दुसऱ्याचे, आणि तुम्ही तिथे आलेले त्यांना नको आहात. दुसऱ्याच्या विहिरीवर आपली मोटर बसवल्यासारखं आहे हे, पाणी कितीही छान येत असलं तरी.

यातलं काहीच नवीन नाही हे आधी समजून घ्या, कारण आज व्हॉट्सअ‍ॅपबद्दल जे प्रश्न पडतायत ते सगळे १९९९ मधेच पडून गेलेत. १९९६ मधे इस्रायलच्या मिराबिलिसने आयसीक्यू आणलं, १९९७ मधे एओएलने आपलं इन्स्टंट मेसेंजर म्हणजे एआयएम आणलं, आणि १९९८ मधे एओएलने मिराबिलिसच विकत घेतली. एआयएमच्या प्रोटोकॉलचं नाव ऑस्कर, डॉक्युमेंटेशन बाहेर कुणाला नाही. एओएलने टॉक (TOC) नावाचा एक साधा प्रोटोकॉल बाहेरच्यांसाठी खुला ठेवला होता पण त्यात सोयी कमी, त्यामुळे लोकांचं लक्ष ऑस्करकडेच. आणि तेव्हा वायरवरून काय जातंय ते सरळ दिसायचं. पोर्ट ५१९०, प्रत्येक पॅकेट ताऱ्याच्या चिन्हाने सुरू होणार, मग चॅनलचा एक बाइट, सीक्वेन्स नंबरचे दोन, लांबीचे दोन, असा सहा बाइटचा हेडर, आणि आतमधे टाइप, लांबी, व्हॅल्यू अशा तुकड्यांची माळ. एकच मेसेज दोनदा पाठवायचा, दुसऱ्या वेळी एक अक्षर बदलून, आणि कुठला बाइट हलला ते बघायचं, असं करत करत लोकांनी आख्खा प्रोटोकॉल लिहून काढला. चिकाटी लागायची पण जादू काही नव्हती.

अशाच कामातून गेम (Gaim) नावाचा क्लायंट तयार झाला, मार्क स्पेन्सरने कॉलेजात असताना सुरू केलेला, ज्याने पुढे अ‍ॅस्टेरिस्क हे टेलिफोनीचं सॉफ्टवेअरही लिहिलं. आधी तो टॉक वापरायचा, नंतर ऑस्करवर गेला. नावात एआयएम (AIM) येतं म्हणून एओएलने हरकत घेतली आणि बऱ्याच भांडणानंतर २००७ मधे त्याचं पिजिन झालं, तेच पिजिन जे आपल्यापैकी अनेकांनी उबुंटूवर वापरलंय. त्याचा गाभा लिबपर्पल ही लायब्ररी, प्रत्येक प्रोटोकॉलला एक प्लगइन, आणि मॅकवरचं अ‍ॅडियमही त्याच लायब्ररीवर उभं होतं. हे डिझाइन लक्षात ठेवा, शेवटी परत लागेल.

आता मुख्य लढाई. जुलै १९९९ मधे मायक्रोसॉफ्टने एमएसएन मेसेंजर काढलं आणि त्यात एक सोय दिली की तुमचं एआयएमचं अकाउंट टाका, तिथल्या मित्रांशी इथूनच बोला. एओएलने लगेच ते बंद पाडलं. मायक्रोसॉफ्टने पॅच काढला, एओएलने परत पाडलं, परत पॅच, असं काही महिने चाललं. बघा, हे दोन-चार हौशी पोरांचं काम नव्हतं, जगातली सगळ्यात श्रीमंत सॉफ्टवेअर कंपनी एका बाजूला होती. शेवटी एओएलने काय केलं, तर त्यांच्या स्वतःच्या क्लायंटमधे एक बफर ओव्हरफ्लोचा, म्हणजे ठरलेल्या जागेपेक्षा जास्त डेटा आला की तो बाजूच्या मेमरीत सांडण्याचा, दोष होता तोच वापरला. सर्व्हरवरून असा मेसेज पाठवायचा की खऱ्या एआयएममधे तो दोष उघडेल, आलेला कोड चालेल आणि ठरलेलं उत्तर परत येईल. एमएसएनच्या क्लायंटमधे तो दोषच नाही त्यामुळे उत्तर येणार नाही, आणि मग हा परका आहे हे कळलं. मायक्रोसॉफ्टच्या त्या टीममधल्या डेव्हिड आउअरबाखने २०१४ मधे हे सगळं सविस्तर लिहिलं. मायक्रोसॉफ्टने १९९९ संपायच्या आत नाद सोडला. मला ही गोष्ट फार महत्त्वाची वाटते, कारण त्यांच्याकडे पैसा होता, हुशार माणसं होती, प्रोटोकॉल पूर्ण समजलेला होता, आणि तरीही ते हरले. सर्व्हर ज्याचा त्याला फक्त एक प्रश्न नवीन विचारायचा असतो आणि तुम्हाला प्रत्येक प्रश्नाचं उत्तर बरोबर द्यायचं असतं.

दुसरी युक्ती अजून सरळ होती आणि तुमच्या 'कळतं कसं' या प्रश्नाचं ती मूळ उत्तर आहे. एआयएमचा सर्व्हर मधेच विचारायचा की तुझ्या प्रोग्रॅमच्या फाइलमधे अमुक ठिकाणापासून इतक्या बाइटांचा हॅश, म्हणजे त्या बाइटांवरून निघणारा ठशासारखा आकडा, काढून दे. खऱ्या क्लायंटकडे ती फाइल असणारच, तो स्वतःच ती फाइल आहे. गेमवाले काय करणार? एओएलची फाइल आपल्या सॉफ्टवेअरबरोबर वाटली तर कॉपीराइटचा भंग. म्हणून त्यांनी वेबवर एक पान ठेवलं, क्लायंट तिथे जाऊन विचारायचा की या जागेपासून इतके बाइट, उत्तर काय, आणि ते उत्तर एओएलला द्यायचा. चाललं ते, पण विचार करा की आता तुमचा चॅट क्लायंट चालायला तिसराच एक सर्व्हर जिवंत राहायला लागतो. पुढची वीस-पंचवीस वर्षं याच एका कल्पनेची वेगवेगळी रूपं आलीत, तू मी बनवलेलाच प्रोग्रॅम आहेस हे सिद्ध कर.

ट्रिलियनचंही तसंच. सेरुलियन स्टुडिओज म्हणजे दोन तरुणांची छोटी कंपनी, २००० मधे सुरू, विंडोजवर एआयएम, आयसीक्यू, एमएसएन, याहू सगळं एका खिडकीत. २००२ च्या सुरुवातीला एओएलने त्यांना अडवलं, त्यांनी पॅच काढले, परत अडवलं. याहूने २००३ मधे आणि मग जून २००४ मधे लॉगिनची पद्धत बदलली, त्यात पासवर्डवर करायची आकडेमोड मुद्दाम इतकी वेडीवाकडी केली की वाचणाऱ्याने कंटाळून सोडून द्यावं. लोकांनी सोडलं नाही, ट्रिलियनवाल्यांनी उकल गेमवाल्यांना दिली आणि लवकरच दोन्हीकडे लॉगिन सुरू झालं. एमएसएनने ऑक्टोबर २००३ मधे जुने प्रोटोकॉल बंद केले आणि बाहेरच्यांना लायसन्स घ्या म्हणून सांगितलं. त्यांचा प्रोटोकॉल खरं तर साधा मजकूर होता, पोर्ट १८६३ वर टेलनेट करून हाताने टाइप करता यायचा, पण सर्व्हर मधेमधे एक चॅलेंज टाकायचा आणि त्याचं उत्तर ठरलेल्या गुप्त किल्लीने काढून वेळेत दिलं नाही तर कनेक्शन तुटायचं.

एक गोष्ट प्रामाणिकपणे सांगायला हवी, याहूने तेव्हा कारण दिलं होतं स्पॅमचं, आणि ते निव्वळ निमित्त नव्हतं. ज्यांनी तेव्हा सायबर कॅफेत बसून याहूच्या चॅटरूम बघितल्यात त्यांना आठवेल की रूममधे माणसं किती आणि बॉट किती. जी वाट चांगल्या क्लायंटला लागते तीच स्पॅमवाल्यालाही लागते, सर्व्हरला दोघांतला फरक सहज कळत नाही. या मुद्द्याकडे आपल्या बाजूचे बरेच लोक दुर्लक्ष करतात, मला ते पटत नाही.

आपल्याकडे ही गोष्ट बहुतेकांनी अनुभवली ती निंबझवर. नोकियाच्या फोनवर निंबझ नाहीतर ईबडी टाकायचं आणि जीटॉक, याहू, फेसबुक सगळं त्यातूनच, टूजीवर, महिन्याचा छोटा डेटा पॅक मारून. निंबझ मूळची हॉलंडची कंपनी, पण भारतात इतके लोक की नंतर मुख्य ऑफिसच गुडगावला आणलं. २०१० मधे स्काइपने निंबझला सांगितलं की आमचं नेटवर्क तुमच्यातून काढा, आणि ऑक्टोबर संपता संपता ते गेलं. इथे बाइट बदलले नाहीत, चॅलेंज टाकलं नाही, नुसतं पत्र आलं. कंपनी म्हणून नोंदणी केलेली असेल, गुंतवणूकदार असतील, तर पत्र पुरतं.

मग लोक म्हणतात, बंद प्रोटोकॉल नको, खुला घ्या. घेतला होता की. जेरेमी मिलरने १९९९ मधे जॅबर जाहीर केलं, २००४ मधे त्याचं एक्सएमपीपी नावाने इंटरनेटचं मानक झालं. गूगलने २००५ मधे गूगल टॉक त्यावर काढलं आणि २००६ पासून बाहेरच्या सर्व्हरशी जोडणीही उघडली, म्हणजे तुमचा स्वतःचा जॅबर सर्व्हर असेल तर तुम्ही जीमेलवाल्याशी बोलू शकत होता, ईमेलसारखं. फेसबुकनेही २०१० मधे आपल्या चॅटला एक्सएमपीपीचं दार दिलं, फक्त क्लायंटसाठी. त्या काळात मला खरंच वाटायचं की हा प्रश्न आता सुटला. २०१३ मधे गूगल हँगआउट्सवर गेलं आणि त्यात ती बाहेरची जोडणी नव्हती, फेसबुकचं दार २०१५ मधे बंद झालं. मायक्रोसॉफ्ट आणि याहूने आपापसात केलेली जोडणीसुद्धा २००६ ते २०१२ एवढीच टिकली. आणि व्हॉट्सअ‍ॅप? त्याची सुरुवातच एक्सएमपीपीपासून झाली, आत ईजॅबरडी हा एक्सएमपीपीचाच सर्व्हर, नंतर डेटा वाचवायला त्यांनी त्या एक्सएमएलचं बायनरी रूप केलं आणि बाहेरच्यांना प्रवेश कधी दिलाच नाही. म्हणजे आत खुलं मानक असून भागत नाही, दार उघडं ठेवायला मालकाची तयारी लागते, नाहीतर कुणीतरी त्याला भाग पाडावं लागतं.

आता अलीकडचं, कारण तुमच्या सिनियरच्या डोक्यात बहुतेक हेच असणार. ५ डिसेंबर २०२३ ला बीपर मिनी आलं, अँड्रॉइडवर अ‍ॅपलचं आयमेसेज, खरे निळे बबल, मधे कुठला मॅक नाही. एका अमेरिकन शाळकरी मुलाने आयमेसेजची नोंदणी कशी होते ते उलगडलं होतं, त्यावर ते बांधलेलं. तांत्रिकदृष्ट्या मी गेल्या काही वर्षांत बघितलेलं सगळ्यात सुंदर काम. ८ डिसेंबरला अ‍ॅपलने ते पाडलं. अ‍ॅपलचं म्हणणं, खोट्या ओळखपत्रांवर प्रवेश घेतला जातोय. बीपरने बाजू सावरायचा प्रयत्न केला, मग नोंदणीची माहिती तुमच्या स्वतःच्या मॅकवरून घ्या असं झालं, मग जेलब्रेक केलेला, म्हणजे अ‍ॅपलची बंधनं तोडलेला, जुना आयफोन लागेल असं झालं, आणि महिना संपेपर्यंत त्यांनी पाठलाग सोडला. मेसेजचं एन्क्रिप्शन, पत्त्यांची व्यवस्था, सगळं बरोबर केलेलं होतं. अडलं ते या एका जागी की नोंदणी करताना मी खरं अ‍ॅपलचं यंत्र आहे असा पुरावा द्यावा लागतो, आणि तो पुरावा खऱ्या यंत्रांच्या माहितीतूनच येतो. एओएलने मागितलेला फाइलचा हॅश आठवा. फरक एवढाच की आता हॅश फाइलचा नाही, हार्डवेअरचा.

तर तुमच्या लायब्ररीकडे येऊ. व्हॉट्समियो असो की बेलीज, पद्धत साधारण एकच. ती व्हॉट्सअ‍ॅप वेबची नक्कल करते, म्हणजे तुमच्या फोनला जोडलेलं एक लिंक्ड डिव्हाइस बनते. नॉइज प्रोटोकॉलने हँडशेक म्हणजे सुरुवातीची ओळख, आत प्रोटोबफ या पद्धतीने बांधलेला डेटा, त्याच्या आत सिग्नल प्रोटोकॉलने प्रत्येक डिव्हाइससाठी वेगळं एन्क्रिप्शन. २०२१ मधे मल्टी-डिव्हाइस आल्यापासून हे बरंच सोपं झालंय, आधी फोन सतत चालू लागायचा. तरी मूळ फोन १४ दिवसांपेक्षा जास्त वापरला नाही की जोडलेली डिव्हाइसं निघून जातात, हे विसरून फोन कपाटात ठेवणारे लोक आहेत. शिवाय लायब्ररी स्वतःची ओळख म्हणून वेब क्लायंटचा एक व्हर्जन नंबर सांगते आणि तो जुना झाला की सर्व्हर सरळ ४०५ हा एरर कोड देऊन नाकारतो. तेव्हा लायब्ररी अपडेट करावी लागते. आणि अपडेट येईपर्यंत? येईपर्यंत तुमच्या बागायतदारांचे मेसेज तुमच्या स्क्रीनवर येत नाहीत. ज्यांनी ती लायब्ररी लिहिली त्यांचं तुमच्याशी काही देणंघेणं नाही, ते रविवारी लग्नाला गेलेले असू शकतात.

कंपनीला कळतं कसं, तर बाइटांवरून कमी आणि वागण्यावरून जास्त. नवीन नंबर, कुणाच्याच कॉन्टॅक्टमधे सेव्ह नाही, आणि पहिल्याच दिवशी शेकडो अनोळखी लोकांना एकच मजकूर, हे ओळखायला प्रोटोकॉल बघावा लागत नाही. मेसेज टाइप न करताच जातोय, रात्री तीनला ठराविक अंतराने जातोय, लोक ब्लॉक करतायत, रिपोर्ट करतायत. व्हॉट्सअ‍ॅपचे भारतासाठीचे मासिक अहवाल बघा, दर महिन्याला लाखो भारतीय अकाउंट बॅन होतात आणि त्यातली कित्येक कुणी तक्रार करायच्या आधीच. तुमचा प्रोग्रॅम फक्त आलेले मेसेज दाखवतो आणि माणूस बसून उत्तर देतो, तर धोका कमी आहे, पण शून्य नाही. हिशोब असा करा की बॅन झाला तर जाणार काय. नुसता प्रोग्रॅम नाही, नंबर जाणार, आणि तो नंबर गटाच्या अध्यक्षांचा असेल, दहा वर्षं व्यापाऱ्यांकडे असलेला, तर मग ते नुकसान भरून निघत नाही.

कायद्याचं. इथे आपल्याकडे लोकांना वाटतं त्यापेक्षा परिस्थिती बरी आहे. भारताच्या कॉपीराइट कायद्यात कलम ५२(१)(एबी) आहे, १९९९ च्या दुरुस्तीने आलेलं, त्यात स्वतंत्रपणे बनवलेला प्रोग्रॅम दुसऱ्या प्रोग्रॅमबरोबर चालावा यासाठी लागणारी माहिती मिळवायला जे करावं लागेल ते कॉपीराइटचा भंग धरत नाही, अट एवढीच की मूळ प्रोग्रॅम तुमच्याकडे कायदेशीर आहे आणि ती माहिती दुसरीकडे सहज मिळत नाही. युरोपात १९९१ पासून अशी तरतूद आहे, अमेरिकेतही आहे. म्हणजे प्रोटोकॉल उलगडणारा गुन्हेगार नाही. पण इथेच लोक गल्लत करतात, कारण माहिती मिळवणं वेगळं आणि त्या माहितीच्या जोरावर दुसऱ्याच्या सर्व्हरवर जाणं वेगळं. सर्व्हरवर जाताना तुम्ही वापराच्या अटी मान्य केलेल्या असतात आणि व्हॉट्सअ‍ॅपच्या अटींत अनधिकृत आणि आपोआप चालणारा वापर मना आहे, शिवाय परवानगीशिवाय दुसऱ्याच्या संगणकावर जाण्याबद्दल आयटी कायद्याचं कलम ४३ आहेच. डिसेंबर २०१९ पासून व्हॉट्सअ‍ॅपने घाऊक मेसेजवाल्यांवर कोर्टात जायची भूमिका जाहीर केलेली आहे. तुमच्यासारख्या छोट्या वापरावर कुणी खटला भरेल असं मला वाटत नाही, अकाउंट बंद करणं त्यांना जास्त सोपं आहे. तरी हा प्रोग्रॅम तुम्ही पैसे घेऊन दहा गटांना विकणार असाल तर आधी वकिलाला विचारा.

मला स्वतःला या विषयात खरी आशा वाटते ती युरोपातल्या कायद्यामुळे. डिजिटल मार्केट्स अ‍ॅक्टच्या कलम ७ मधे मोठ्या मेसेजिंग सेवांनी मागणी आली तर दुसऱ्या सेवांना जोडून द्यायचं असं आहे. सप्टेंबर २०२३ मधे व्हॉट्सअ‍ॅप आणि मेसेंजर त्यात आले, आयमेसेज पुढे वगळलं गेलं. आधी एकास एक मेसेज, दोन वर्षांनी ग्रुप, चार वर्षांनी कॉल, आणि एन्क्रिप्शन तेवढंच मजबूत राहायला हवं. व्हॉट्सअ‍ॅपची मालक मेटाने दार केलं पण त्यांच्या पद्धतीने, म्हणजे करार करा, शक्यतो सिग्नल प्रोटोकॉल वापरा, आमच्या सर्व्हरला येऊन जोडा. २०२५ च्या नोव्हेंबरमधे पहिली दोन छोटी अ‍ॅप्स जोडली जाणार असं त्यांनी जाहीर केलं, बर्डीचॅट आणि हायकेट. वेग कमी आहे, फक्त युरोपातल्या लोकांना आहे, ठीक आहे. पण पंचवीस वर्षं जे हुशारीने जमलं नाही ते नियमाने सुरू झालं हे नाकारता येत नाही. आपल्याकडे झोहोच्या अरट्टाई या मेसेजिंग अ‍ॅपवरून २०२५ मधे चर्चा झाली तेव्हा झोहोच्या श्रीधर वेंबूंनी यूपीआयसारखी मेसेजिंगमधेही एकमेकांशी जोडणी असावी असं म्हटलं होतं, आणि मला ते मनापासून पटतं. एका बँकेच्या अ‍ॅपवरून दुसऱ्या बँकेत पैसे जातात, तिसऱ्याच कंपनीच्या अ‍ॅपवरून जातात, आणि आपल्याला त्यात काही विशेष वाटत नाही. मग मेसेजने काय पाप केलंय.

उलट बाजूही ऐका. सिग्नल हे मेसेजिंग अ‍ॅप सुरू करणाऱ्या मॉक्सी मार्लिनस्पाइकने २०१६ मधे मांडलं होतं की खुले, अनेकांच्या मालकीचे प्रोटोकॉल गोठतात, एखादी सुधारणा सगळ्यांकडे पोचायला वर्षं जातात, आणि एकाच्या ताब्यात असलं तर आख्ख्या जगाला एका अपडेटमधे एन्क्रिप्शन देता येतं. व्हॉट्सअ‍ॅपने २०१६ मधे तेच करून दाखवलं. या युक्तिवादात दम आहे. मला तो पूर्ण पटत नाही कारण त्यात मालक कायम चांगला वागेल असं गृहीत आहे, पण ब्रिज चालवणाऱ्याने तो विसरू नये. तुमचा ब्रिज सर्व्हरवर चालत असेल तर मेसेज तिथे उघडतो, मग पुढे जातो. म्हणजे व्यापाऱ्याला वाटतंय एंड-टू-एंड आहे, मधे कुणी वाचू शकत नाही, आणि प्रत्यक्षात मधे तुमच्या सर्व्हरवर साधा मजकूर पडलाय. भाव, नावं, बँक खात्यांचे फोटो. त्याला हे सांगितलंय का तुम्ही? सांगायला हवं.

आणि लायब्ररी कुठून घेतली ते परत तपासा. २०२५ च्या अखेरीला एनपीएमवर, म्हणजे जावास्क्रिप्टची तयार पॅकेजं मिळतात तिथे, बेलीजची नक्कल असलेलं एक पॅकेज सापडलं, काम अगदी बरोबर करायचं आणि बरोबरीने मेसेज आणि लॉगिनच्या किल्ल्या बाहेर पाठवायचं, वर स्वतःचं डिव्हाइसही तुमच्या अकाउंटला जोडून ठेवायचं. म्हणजे पॅकेज काढून टाकलं तरी ते जोडलेलंच. तुमच्या फोनवर सेटिंगमधे लिंक्ड डिव्हाइसची यादी आत्ता उघडा आणि जे ओळखीचं नाही ते काढा. जीबी व्हॉट्सअ‍ॅपसारखे मॉड, म्हणजे कुणीतरी बदललेलं अ‍ॅप, वापरणाऱ्यांनाही माझं हेच सांगणं असतं, कोड कुणी बदलला आणि काय बदलला हे माहीत नसताना त्यात आपले मेसेज टाकू नका.

आता तुमच्या प्रोग्रॅमचं काय करायचं. टेलिग्रामची चिंता सोडा, तिथे तिसऱ्याचे क्लायंट अधिकृतपणे चालतात, टीडीलिब ही लायब्ररी त्यांनीच दिलीय, आपला एपीआय आयडी घ्या आणि नियम पाळा. व्हॉट्सअ‍ॅपसाठी व्यापाराचा नंबर अधिकृत क्लाउड एपीआयवर, म्हणजे कंपनीनेच प्रोग्रॅमसाठी दिलेल्या जोडणीवर, न्या, तो २०२२ पासून सगळ्यांना खुला आहे. त्याच्या मर्यादा आहेत, ग्राहकाचा शेवटचा मेसेज आल्यापासून २४ तास मोकळेपणाने उत्तर देता येतं, त्यानंतर मंजूर टेम्प्लेटच पाठवावं लागतं आणि त्याचे पैसे पडतात. शेतकऱ्यांचे जे जुने ग्रुप आहेत ते तिथे तसेच येतील अशी अपेक्षा ठेवू नका. तुमची खरी अडचण ग्रुपचीच असणार, मला माहितेय, आणि तेवढ्यासाठी अनधिकृत लायब्ररी ठेवायचीच असेल तर वेगळ्या नंबरावर ठेवा, फक्त वाचण्यापुरती, पाठवायचं बटणच देऊ नका.

कोडमधे लिबपर्पलने केलं तेच करा. मेसेज आला, मेसेज गेला, कनेक्शन तुटलं, एवढीच तुमच्या प्रोग्रॅमची भाषा ठेवा आणि प्रत्येक सेवेसाठी वेगळा पातळ अ‍ॅडॅप्टर, म्हणजे त्या सेवेची भाषा तुमच्या भाषेत आणणारा छोटा कोड, लिहा, म्हणजे एक बंद पडला की तो बदलायला बाकी काही हलवावं लागणार नाही. आलेला प्रत्येक मेसेज आधी आपल्या डेटाबेसमधे, मग स्क्रीनवर. आणि कनेक्शन तुटलं तर ते स्क्रीनवर मोठ्या लाल अक्षरात दिसू द्या, शेवटचा मेसेज किती वाजता आला तेही दिसू द्या, कारण एरर आल्याने नुकसान होत नाही, एरर न दिसता शांतपणे मेसेज येणं थांबल्याने होतं, आणि काढणीच्या दिवसांत व्यापाऱ्याचा भाव चार तासांनी कळला तर तो कळून उपयोग नसतो. परत जोडायचा प्रयत्न प्रत्येक वेळी अंतर वाढवत करा, ४०५ आला तर लायब्ररी अपडेट होईपर्यंत थांबवा, आणि लॉगआउट किंवा बॅनचा कोड आला तर आपोआप परत अजिबात जोडू नका, तिथे माणसाने बघायचं. हा सगळा बदल ऑक्टोबर छाटणीच्या आधी उरकून घ्या, हंगाम चालू झाल्यावर नंबर बदलायला कुणाला वेळ नसतो.